विद्यापीठात धर्माचा अभ्यास कसा होतो?

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही गोष्ट मराठी घरातल्या मुलांना अक्षरओळख व्हायच्या आधीच ठाऊक असते. लेखणी मध्ये थांबू द्यायची नाही, ही गणपतीची अट. अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही, ही व्यासांची उलट अट. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडली, तर आदिपर्वाच्या संहितेत ही गोष्ट सापडत नाही. ती परिशिष्टात आहे.

गणेशोत्सवाच्या शहरात बसून, संस्कृतात हयात घालवलेल्या पंडितांनी गणपतीची गोष्ट संहितेतून बाजूला काढली. ही माणसे देवाधर्माच्या विरोधात नव्हती. गोष्ट खोटी आहे, असा निवाडाही त्यांनी दिलेला नाही. मग त्यांनी केले तरी काय? हे उलगडले, की विद्यापीठात धर्माचा अभ्यास म्हणजे काय चालते ते बरेचसे उलगडते. एखाद्या मुलीने बारावीनंतर ‘मला धर्माचा अभ्यास करायचाय’ म्हटले, की घरात ‘म्हणजे कीर्तनकार होणार का?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याचेही उत्तर इथेच मिळते.

बहुमत कामाला येत नाही

छापखाना येण्याआधी शेकडो वर्षे महाभारत हाताने उतरवले जात होते. उतरवताना एकाच्या हातून ओळ गळे, दुसरा समासातले टिपण मजकुरात घेई, तिसऱ्याला आपल्या भागात सांगितली जाणारी एखादी कथा त्यात असावीशी वाटे. त्यामुळे काश्मीरची पोथी, बंगालची पोथी आणि केरळची पोथी एकसारख्या राहिल्या नाहीत. यातला सर्वांत जुना, हाती लागू शकेल असा पाठ शोधायचा, म्हणून पुण्यात १९१९ मध्ये काम सुरू झाले. १९२५ पासून मुख्य संपादक असलेल्या वि. सी. सुखठणकरांनी त्याची पद्धत घालून दिली. वेगवेगळ्या लिप्यांतली १,२५९ हस्तलिखिते तपासून ही आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली.

गणपतीच्या गोष्टीबाबत ताडून पाहिलेल्या ५९ हस्तलिखितांपैकी ३७ हस्तलिखितांत ती आहे. हात वर करून मते मोजली असती तर गोष्ट संहितेतच राहिली असती. मग ती बाहेर का गेली?

समजा, वर्गातल्या एका मुलाने फळ्यावरचे उतरवताना एक जादा वाक्य घुसवले आणि त्याची वही तीस जणांनी घरी नेऊन उतरवली. आता ते वाक्य एकतीस वह्यांत आहे, पण साक्षीदार एकच. उलट, त्या मुलाची वही कधीच न पाहिलेल्या, दोन वेगळ्या बाकांवरच्या दोन मुलींच्या वह्यांत ते वाक्य नसेल, तर त्या दोन वह्यांचे वजन एकतीसपेक्षा जास्त. हस्तलिखितांचेही असेच आहे. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, याची वंशावळ आधी लावतात. मग एकमेकींशी संबंध न आलेल्या, दूरदूरच्या शाखांत एकच पाठ मिळाला, तर तो जुना मानतात. गणपतीची गोष्ट या कसोटीला उतरली नाही.

सभापर्वात याहून बोलके उदाहरण आहे. हे पर्व अमेरिकन विद्वान फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले. रूढ पोथ्यांत द्रौपदी कृष्णाचा धावा करते आणि तो वस्त्रे पुरवतो. चिकित्सक संहितेत कृष्णाचा धावा नाही, पण वस्त्रांमागून वस्त्रे निघतात, हा चमत्कार मात्र जागच्या जागी आहे. चमत्कार गाळण्याच्या हेतूने काम झाले असते तर तो आधी गेला असता. पोथ्यांचा आधार होता म्हणून तो राहिला. संपादकाला चमत्कार पटतो की नाही, हे कुणी विचारलेच नाही.

आणि बाजूला काढले ते फेकून दिलेले नाही. प्रत्येक पाठभेद तळटीपेत किंवा परिशिष्टात नोंदलेला आहे. कारण अभ्यासकाचा पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. ही गोष्ट नंतर आली असेल, तर ती कोणाला घालावीशी वाटली? लेखनाचा आणि आरंभाचा देव म्हणून गणपतीची पूजा वाढली, त्याचा याच्याशी काय संबंध? पाठचिकित्सेतून असे आपण धर्माच्या इतिहासात येतो.

आतून आणि बाहेरून

विद्यापीठात धर्माकडे जाण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली थिऑलॉजीची, म्हणजे ईश्वरविद्येची. इथे अभ्यासक एका परंपरेच्या आत उभा असतो. तिचे ग्रंथ त्याला प्रमाण असतात. देव दयाळू आहे तर जगात दुःख का, ग्रंथातली दोन वचने एकमेकांना छेदत असतील तर मेळ कसा घालायचा, आजच्या माणसाने त्यातून कसे वागावे, हे त्याचे प्रश्न. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात कला शाखा पुरी केल्यावर थिऑलॉजी, कायदा आणि वैद्यक अशा तीन वरच्या शाखा होत्या. तिथे शिकवणाऱ्या थॉमस अक्वायनसने आपल्या मोठ्या ग्रंथात प्रत्येक प्रश्नावर आधी विरोधी आक्षेप मांडले, मग आपले मत आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष आणि सिद्धान्त ज्याने पाहिला आहे, त्याला ही मांडणी परकी वाटणार नाही. परंपरेच्या आतला अभ्यास म्हणजे डोळे मिटून मान डोलावणे, हा समज चुकीचा आहे.

भारतात ही वाट जुनी आहे. बंगालमधल्या सेरामपूरचे कॉलेज १८१८ मध्ये निघाले. तो गाव तेव्हा डॅनिश अमलाखाली होता आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. त्याच्या संस्थापकांपैकी विल्यम कॅरी यांनीच १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले होते. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात कॅथलिक धर्मगुरू घडतात; ती संस्था १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्याला आली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात थिऑलॉजीची शाखा आहे, तिच्यात सुन्नी आणि शिया असे दोन विभाग आहेत. बनारस हिंदू विद्यापीठात संस्कृतविद्या धर्मविज्ञान संकाय आहे.

दुसरी वाट धर्माभ्यासाची. इथे अभ्यासक कोणत्याही धर्माचा असो किंवा कोणत्याच नसो. तो एखाद्या धर्माची बाजू मांडत नाही. माणसे काय मानतात, काय करतात, ते कुठून आले, कसे बदलले आणि त्याने समाजात काय घडते, हे तो शोधतो. १८७० मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत मॅक्स म्युलर यांनी अशा अभ्यासाची मागणी केली. १८७९ ते १९१० या काळात पूर्वेकडच्या धर्मग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांची पन्नास खंडांची त्यांची माला निघाली. त्यातला भगवद्गीतेचा खंड मुंबईच्या काशिनाथ त्रिंबक तेलंगांनी केला, तो १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तेलंग मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले.

दोन्ही वाटा एकमेकींच्या वैरिणी नाहीत. ऑक्सफर्डच्या शाखेच्या नावातच आज थिऑलॉजी आणि धर्म हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत.

वारी सात अंगांनी

१९६७ मध्ये ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी धर्माभ्यासाचा विभाग सुरू केला. धर्म म्हणजे फक्त श्रद्धा किंवा फक्त ग्रंथ असे धरून चालले तर निम्म्याहून जास्त धर्म हातातून निसटतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांनी धर्माची सात अंगे सांगितली. ती आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या वारीला लावून पाहू.

पहिले अंग विधी. काकड आरती, हरिपाठ, रिंगण, चंद्रभागेचे स्नान, एकादशीचा उपवास. कोण, कधी, कोणत्या क्रमाने काय करतो, याची बारीक नोंद इथे होते.

दुसरे कथा. पुंडलिकाने वीट फेकली आणि देव तिच्यावर उभा राहिला. ही कथा कोणत्या माहात्म्यग्रंथात कशी येते, कीर्तनकार ती कशी खुलवतात, भाविकांना त्यातून काय उमजते?

तिसरे अनुभव. अनोळखी माणसे एकमेकांना ‘माऊली’ म्हणून एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा त्यांना काय वाटते? हे बाहेरून दिसत नाही. चालावे लागते, विचारावे लागते, अभंग ऐकावे लागतात.

चौथे तत्त्वविचार. ज्ञानेश्वरीतले अद्वैत आणि विटेवरच्या सगुण मूर्तीची भक्ती एकत्र कशी नांदतात? इथे ग्रंथ उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

पाचवे आचार. गळ्यात तुळशीची माळ घातली की काय खायचे, काय सोडायचे, हे ठरते. एका माळेने घराचा स्वयंपाक बदलतो.

सहावे समाज. वारीला शिस्त आहे. दिंड्यांचे क्रम ठरलेले, विणेकरी ठरलेला, चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा आवाज थांबतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याची घडी बसवली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व तेव्हापासूनचे. पण याच अंगात अवघड प्रश्नही येतात. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या. नामगजरात एक झालेली माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिले आणि ‘वाटचाल’ या लेखात लिहिले. चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर आहे, पण त्याच्या समाजाला आत प्रवेश मिळायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

सातवे वस्तू. पादुका, पालखी, पताका, वीणा, मूर्ती, शिलालेख. पंढरपूरच्या मंदिरातल्या यादवकाळातल्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात देणगी देणाऱ्यांची नावे आहेत. तेराव्या शतकात या देवळाला कोण पैसे देत होते, हे सांगणारा तो दगडातला हिशेब आहे.

ही अंगे सुटी सुटी पाहून भागत नाही, ती जोडावी लागतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात तेच केले. पुराणे, शिलालेख, मूर्तींची ठेवण आणि धनगरांची गाणी समोरासमोर ठेवून, विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात आहे आणि पुढे तो वैष्णव परंपरेत विष्णुरूप झाला, असे त्यांनी मांडले. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यासाठी धनगरवाडे पालथे घातले, ओव्या टिपून घेतल्या. ज्या लोकांनी पोथी लिहिली नाही, त्यांचा धर्म त्यांच्या गाण्यांत आणि यात्रांत असतो, हे या कामाने दाखवून दिले. ढेऱ्यांचा निष्कर्ष सगळ्यांनी मानलाच पाहिजे असे नाही. मात्र तो खोडायचा तर तेवढाच पुरावा आणावा लागतो.

श्रद्धेचे काय होते?

घरच्यांची खरी भीती इथे असते. पोरगी शिकून देव मानेनाशी होईल का?

या अभ्यासात पाळायचा पहिला नियम असा, की समोरच्याची श्रद्धा खरी की खोटी, हा निकाल तेवढ्यापुरता बाजूला ठेवायचा. विठ्ठल हाक ऐकतो का, हे तपासायचे साधन विद्यापीठाकडे नाही. शिलालेख कोणत्या शतकातला, ओवी कोणाच्या तोंडी, प्रथा कधी सुरू झाली, हे तपासायची साधने आहेत. ज्याची साधने आहेत त्यावर बोलायचे. दुसरा नियम, भाविकाचे म्हणणे असे मांडायचे की वाचल्यावर तो म्हणेल, ‘हो, आम्ही असेच मानतो.’ त्यानंतर त्याला न रुचणारी गोष्टही पुराव्यानिशी सांगायची मोकळीक आहे, आणि सांगणे कर्तव्यही आहे.

हे नियम पाळणारी मोठी माणसे श्रद्धाळूही होती. ज्यांच्या नावाने पुण्याची संस्था १९१७ मध्ये उभी राहिली, ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते. त्याच भांडारकरांनी वैष्णव, शैव आणि इतर पंथांचा इतिहास १९१३ मध्ये काळाच्या क्रमाने, पुरावे मांडत लिहिला. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाले, श्रीलंकेत भिक्षू झाले, पाली शिकले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात आणि हार्वर्डमध्ये त्यांनी काम केले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही लाडकी कथा जुन्या पाली ग्रंथांशी जुळत नाही, असे या बुद्धभक्तानेच ‘भगवान बुद्ध’मध्ये दाखवले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याकडे त्यांनी लक्ष वेधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहत्यागाचे कारण म्हणून हाच तंटा येतो. चिकित्सेतून निघालेली गोष्ट अशी लाखो लोकांच्या श्रद्धेचा भाग झाली.

सरकारी पैशातून धर्म?

राज्यघटनेचे कलम २८ सांगते, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. मग सरकारी विद्यापीठांत बौद्ध अध्ययनाचे विभाग कसे?

कारण धार्मिक शिक्षण आणि धर्माचा अभ्यास यांत कायदा फरक करतो. विशिष्ट धर्म मनावर ठसवणे, त्याची उपासना शिकवणे, हे धार्मिक शिक्षण. धर्माविषयी माहिती घेणे, तुलना करणे, प्रश्न विचारणे, हा अभ्यास. अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात गुरू नानकांचे जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यासाची तरतूद होती. ती धार्मिक शिक्षण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले. २००२ मध्ये शालेय अभ्यासक्रमाच्या वादातही, धर्मांचा अभ्यास घटनेला निषिद्ध नाही, असा निर्णय आला. त्याही आधी, १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या पहिल्या वर्षी थोर धर्मपुरुषांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक उतारे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मुख्य प्रश्न शिकवावेत, असे सुचवले होते.

शिकायचे काय आणि कुठे?

पहिली गरज भाषेची. बौद्ध धर्मासाठी पाली, जैनांसाठी अर्धमागधी, पारशी धर्मासाठी अवेस्ता, इस्लामसाठी अरबी आणि फारसी, बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक. महानुभाव पंथासाठी तर लिपीही शिकावी लागते. त्या पंथाच्या पोथ्या ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल प्रसिद्ध केल्यावर बाहेरच्या अभ्यासकांना त्या वाचता येऊ लागल्या. भाषेनंतर इतिहास, मग समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्रातले क्षेत्रकार्य.

पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास एका छताखाली होतो. महाराष्ट्रात पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात पाली आणि बौद्ध अध्ययन विभाग आहे, नागपूर विद्यापीठातही पालीचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्यात भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेज, मुंबईत के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट ही ग्रंथांची माहेरघरे. प्राध्यापकीसाठीच्या ‘नेट’ परीक्षेत धर्मांचा तौलनिक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. अध्यापनाखेरीज संग्रहालये, हस्तलिखितांचे जतन, भाषांतर, पत्रकारिता आणि सामाजिक संस्थांत या शिक्षणाचा थेट उपयोग होतो.

थोडक्यात

- थिऑलॉजी परंपरेच्या आत राहून तिचा अर्थ लावते. धर्माभ्यास कोणत्याही धर्माची बाजू न घेता धर्म कसा घडतो आणि चालतो ते पाहतो.
- हस्तलिखितांची संख्या मोजत नाहीत, त्यांचे परस्परसंबंध पाहून वजन ठरवतात.
- धर्माची सात अंगे : विधी, कथा, अनुभव, तत्त्वविचार, आचार, समाज आणि वस्तू.
- श्रद्धा खरी की खोटी, याचा निकाल अभ्यासक देत नाही. पुराव्याने तपासता येते तेवढेच तपासतो.
- सरकारी विद्यापीठात धर्म मनावर ठसवायला मनाई आहे, अभ्यासाला नाही.

महाराष्ट्रापुढचे काम

महाभारताची आवृत्ती, पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास, ढेऱ्यांचा विठ्ठल : या अभ्यासातले अव्वल काम मराठी माणसांनी केले आहे. पण ते संस्कृत, पाली, मराठी आणि समाजशास्त्र अशा वेगवेगळ्या विभागांत आणि संस्थांत विखुरलेले राहिले. वारी, उरूस, जत्रा, नाताळ, धम्मचक्र प्रवर्तन दिन हे सगळे एकाच जिल्ह्यात पाहायला मिळणाऱ्या राज्यात, पदवीच्या मुलांना निरनिराळे धर्म शेजारी शेजारी ठेवून शिकता आले पाहिजेत. आपल्या विद्यापीठांनी अशी सोय करावी. आणि तोवर कुणाच्या घरात या विषयाची ओढ असलेले मूल असेल, तर त्याला अडवू नका. त्याला आधी एक जुनी भाषा शिकायला लावा आणि शेजारच्या धर्माच्या एका सणाला, फक्त बघायला आणि विचारायला, पाठवा. अभ्यासाची सुरुवात तेवढ्याने होते.